चहा बुडवला, पुढं काय?

पोरी,

अमेरिकन क्रांतीवरचं तुझं उत्तर वाचलं. मुद्दे आहेत, अक्षरपण सुधारलंय, पण सगळं ४ जुलै १७७६ ला येऊन संपलं, म्हणजे स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला आणि दुसऱ्या दिवसापासून देश आपोआप चालू झाला असंच वाटतं वाचताना. क्लासच्या नोट्समध्ये असंच असतं म्हणून तसंच उतरवलंस काय?

माझं एकच सांगणं आहे, बंडाचा धडा वाचताना बंदुकीकडं कमी बघ आणि गल्ल्याकडं जास्त. पैसा कोण गोळा करतंय, हुकूम कोण काढतंय आणि लोक कुणाचं ऐकतायत, एवढं शोध.

बोस्टनचा चहा, म्हणजे टॅक्सच्या रागानं लोकांनी तिथल्या बंदरात बुडवला तो, तू दोन ओळीत उरकलास. तो चहा आपल्याच ओळखीच्या ईस्ट इंडिया कंपनीचा होता, कंपनी कर्जात बुडालेली, तिला वाचवायला १७७३ मध्ये पार्लमेंटनं टी अ‍ॅक्ट केला आणि त्याच वर्षी तिच्यावर लगाम म्हणून रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट, जो तू भारताच्या पेपरात पाठ करतीस. दोन्ही एकाच दुखण्याचे उपाय, पण तुझ्या वह्या दोन म्हणून तुला ते दिसत नाही. अमेरिकेतल्या यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ज्याच्या इंग्रज फौजेनं शरणागती पत्करली तोच कॉर्नवॉलिस १७८६ ला आपल्याकडं गव्हर्नर जनरल होऊन आला आणि १७९३ ला कायमधारा, म्हणजे जमिनीचा सारा कायमचा ठरवून देणारी पद्धत, लावून बसला. असलं काहीतरी लिही की, तपासणाऱ्याचे डोळे उघडतील.

आता मेन गोष्ट. सरकार तिथं १७७६ च्या आधीच उभं राहायला लागलं होतं. ऑक्टोबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियाच्या काँग्रेसनं, म्हणजे इंग्रजांच्या अमेरिकेतल्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेनं, इंग्रजी मालावर बहिष्कार ठरवला आणि गावोगाव कमिट्या नेमायला सांगितल्या, कोण इंग्रजी माल घेतंय ते बघायचं आणि सापडला तर पेपरात नाव छापायचं. म्हणजे गावातला दुकानदार राजाच्या गव्हर्नरपेक्षा कमिटीला जास्त घाबरायला लागला, आणि माझ्या मते सत्ता तिथंच सरकली, जाहीरनामा हा नंतरचा शिक्का. (सगळं गोड नव्हतं, कमिटीच्या नावाखाली शेजाऱ्याचा हिशोब चुकता करणारेपण होतेच, आणि गुलामांना तर ह्या स्वातंत्र्यात कुणी धरलंच नव्हतं.)

आपल्या सोलापूरचंच बघ ना. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून तू रोज जातीस. ८ मे १९३० ला गोळीबार झाला, लोक खवळले, पोलीस शहरातून हटले आणि ९ ते ११ मे इंग्रजांचं राज्य इथं नव्हतंच, आपल्याकडच्या काँग्रेसचे स्वयंसेवक रहदारी सांभाळत होते. पुढं १२ मे ला मार्शल लॉ, म्हणजे लष्कराचा अंमल, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. तेरा वसाहतींना कमिट्या मुरवायला दोन वर्षं मिळाली आणि मधे अख्खा अटलांटिक समुद्र होता, आपल्या गिरण्यांच्या सोलापूरला तीन दिवस. ही तुलना परीक्षेत लिहू नकोस, पण डोक्यात ठेव.

आणि अमेरिकेत जिंकल्यावरपण भानगड संपली नाही. पहिल्या घटनेत काँग्रेसला टॅक्स लावायचा अधिकारच नव्हता, राज्यांकडं नुसतं मागायचं. आयात मालावर ५ टक्के जकात बसवू म्हणाले तर सगळ्या १३ राज्यांची हो पाहिजे होती, एकट्या ऱ्होड आयलंडनं मोडता घातला. जून १७८३ मध्ये पगार थकलेल्या शिपायांनीच फिलाडेल्फियात काँग्रेसला घेरलं आणि हे जिंकलेले पुढारी गाव सोडून प्रिन्सटनला गेले, विचार कर! मग मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जाखाली दबलेले शेतकरी कोर्टं बंद पाडायला उठले, त्यांचा पुढारी शेज, आणि त्या धसक्यानं १७८७ ला नवी घटना. टॅक्सवरून बंड करून शेवटी टॅक्स लावणारं सरकारच उभं करावं लागलं.

तर उत्तर परत लिही, सुरुवात १७७४ पासून, शेवट १७८९ ला वॉशिंग्टनच्या शपथेवर. लढायांना तीन ओळी बास. रविवारी चारनंतर ये, त्याआधी ऊन लई असतंय आणि मी झोपलेला असतो. भारताची वहीपण घेऊन ये सोबत.

तुझा,
सर