मुलीचे दगड कुठे टाकलेत?

प्रश्न : मुलीला बारावी सायन्सला ७४ टक्के. ‘नीट’ दोनदा दिली, दोन्ही वेळा कमी पडली. आता म्हणते, जिऑलॉजीत बीएससी करते. कामठीकडे मामाच्या गावाहून आणलेले दगड तिने कपाटात भरून ठेवले होते. अभ्यासात लक्ष लागावं म्हणून मी ते टाकून दिले. तेही गाळाचे, कच्चे. काळ्या दगडासारखे पक्के तरी असते! तिसऱ्यांदा बसवावं का? – एक पालक, नागपूर

उत्तर : बसवू नका. ‘नीट’बद्दल मला एवढंच सांगायचं आहे.

पण पत्र वाचताना मी दगडांपाशीच अडकलो. दोन वर्षं पोरगी तुमच्या इच्छेखातर क्लासला गेली. त्या दोन वर्षांत तिचं स्वतःचं म्हणावं असं एक कपाट होतं, तेही तुम्ही रिकामं केलंत. वर ते मला शिस्त म्हणून सांगताय. टाकण्याआधी तिला विचारलं होतं का? पत्रात तरी तसं दिसत नाही.

आणि ‘कच्चे’ म्हणजे काय हो? दगड आंब्यासारखे पिकत नाहीत. आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजून झाला. गाळाच्या खडकाचं कूळच वेगळं. नदी-तळ्यात वाळू, चिखल थरावर थर बसतो. वरच्या भाराने पाणी पिळून निघतं, फटींत चुना किंवा सिलिका साचून कण एकमेकांना धरतात. असा वाळूचा वालुकाश्म होतो, चिखलाचा शेल होतो. हेच थर खोल जाऊन न वितळता तापले-दबले, तर रूपांतरित खडक होतात. चुनखडकाचा संगमरवर होतो तो असा. गाळाचा दगड नुसता जुना होऊन बेसॉल्ट होत नाही. उलट कामठीचे वालुकाश्म बेसॉल्टपेक्षा कितीतरी म्हातारे आहेत. कोराडीच्या वीजकेंद्रात जळणारा कोळसाही गाळाच्याच थरांतला.

लाव्ह्यात पान जळून जातं, गाळात दबून त्याचा ठसा राहतो. कामठी भागात ग्लॉसोप्टेरिस या झाडाच्या पानांचे ठसे मिळतात. तीच झाडं दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, अंटार्क्टिकातही सापडली, आणि हे सगळे भूभाग कधीकाळी जोडलेले होते याचा मोठा पुरावा ठरली. तुमच्या शहरातलं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते स्टीफन हिस्लॉप १८५०च्या दशकात याच भागात असे जीवाश्म गोळा करत हिंडायचे. त्यांचं कपाट कुणी रिकामं केलं नाही.

वाट सरळ आहे : बीएससी, मग ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा देऊन एमएससी, पुढे यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा. सरकारी जागा मोजक्या असतात आणि एमएससीशिवाय फारसं काही हाती लागत नाही, हे तिलाही स्पष्ट सांगा. उन्हातान्हात डोंगर तुडवायची तयारी आहे का, हेही विचारा.

दगड घंटागाडीत गेले असतील तर गेले. घरामागे टाकले असतील तर आजच उचलून आणा, आणि कोणता कुठला ते तिच्याकडून ऐका. पुढचं पत्र तिला लिहू द्या.