भुताला हवंय तरी काय?

प्रश्न : गणपतीला आमच्या घरी मुंबई-पुण्याची सगळी पोरं जमतात. धाकटी आठ वर्षांची, थोरला बारावीतला. रात्रीची आरती-भजनं आटोपली की ‘काकी, भुताची गोष्ट!’ सुरू. गेल्या वर्षी टीव्हीवर एक हॉरर सिनेमा लावला, तर धाकटी पुढे विसर्जनापर्यंत मला चिकटून झोपली आणि मोठे अर्ध्यातून उठून पत्ते कुटायला गेले. सासूबाई म्हणतात, ‘‘देव घरात आसताना भुतां कित्याक?’’ मला स्वतःला या गोष्टींचं भारी वेड. पुस्तकं, सिनेमे निवडायचे कसे?
— एक काकी, देवगड तालुका

उत्तर : काकी, आधी सासूबाईंचं बघू. त्या राजी नसतील तर पुढचं सगळं फुकट. त्यांच्यापाशी आरवलीच्या वेतोबाचा विषय काढा. वेताळ हा भुतांचा राजा, आणि वेंगुर्ल्याकडे तोच गावाचा राखणदार देव. त्याला नवसाला केळ्यांचा घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. रात्री गावात फेरी मारून त्या झिजतात, अशी श्रद्धा. देवचाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या भुताला, तर आपण राखण म्हणून नैवेद्यच देतो. तेव्हा देव आणि भुतं आपल्याकडे पहिल्यापासून शेजारी. पहिली गोष्ट सांगायला सासूबाईंनाच बसवा. त्यांच्या पोतडीतून जे निघेल ते कुठल्या पुस्तकात मिळायचं नाही.

आता निवड. वाचनालयाच्या टेबलामागे आयुष्य गेलं माझं. भुताची गोष्ट हातात आली की मी एकच बघते : या भुताला हवंय काय? मुंज्याचंच घ्या. मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आत पोर गेलं. संसार राहून गेला म्हणून ते पिंपळावर बसलं. कोकणातच घडणारा ‘मुंज्या’ हा 2024 चा हिंदी सिनेमा याच हट्टावर उभा आहे, लग्न म्हणजे लग्नच! विनोदी आहे, तुमच्या मोठ्यांना धमाल येईल. धाकटीला त्या दिवशी लवकर झोपवा. ज्या भुताला काहीच नको असतं, नुसतं कपाटामागून ‘भॉक’ करायचं असतं, त्याला पोरं पहिल्यांदा घाबरतात आणि दुसऱ्यांदा हसतात. तुमचे मोठे पत्त्यांकडे का वळले, ते कळलं ना?

सिनेमा आधी एकटीने बघा. त्यातली दहा मिनिटं आवाज बंद करून. भीती साफ गेली, तर ती भीती सिनेमाची नव्हतीच, स्पीकरची होती.

‘तुंबाड’ (2018, दिग्दर्शक राही अनिल बर्वे) या परीक्षेत पहिल्या नंबरात पास होतो. सतत कोसळणारा पाऊस, कुबट अंधार, आणि सोनं असूनही अन्नाचा कण न मिळालेला शापित देव, हस्तर. भूक त्याला, हाव माणसाला. पण हा सिनेमा फक्त मोठ्यांसाठी ठेवा. त्यातली साखळीला बांधलेली म्हातारी लहान मुलांच्या डोळ्यांपुढून लवकर हलत नाही. सिनेमा बघून लोक वाचनालयात येतात आणि श्री. ना. पेंडशांचं ‘तुंबाडचे खोत’ मागतात. नाव तिथलंच, पण ती खेड तालुक्यातल्या खोत घराण्याच्या पिढ्यांची दोन खंडांची कादंबरी आहे. सुरेख आहे, जरूर वाचा, भुतासाठी मात्र नको. हस्तरचं मूळ शोधायचं तर नारायण धारपांकडे जा.

मोठ्याने वाचून दाखवायलाही धारपच बरे (1925–2008). त्यांची वाक्यं साधी, गोष्ट धावती. पोरांसाठी समर्थांच्या कथा घ्या. त्यांत समर्थ आणि आप्पा जोशी दुष्ट शक्तीला पुरे पडतात, त्यामुळे झोपताना कोणी रडत नाही. रत्नाकर मतकरींच्या (1938–2020) गूढकथांची जात वेगळी. तिथे भूत पुष्कळदा माणसाच्या मनातच दबा धरून बसलेलं. बारावीतल्या थोरल्याच्या हातात ‘खेकडा’ द्या आणि त्याला एकट्यालाच वाचू दे. सगळ्यांसमोर वाचलं तर कोणीतरी मध्येच विनोद करतं आणि सगळं ओसरतं. धाकटीसाठीही मतकरीच, त्यांचं ‘अलबत्या गलबत्या’. त्यातली चेटकीण एकेकाळी दिलीप प्रभावळकरांनी रंगवली होती, हे पोरांना सांगा, आणि मग प्रभावळकर-अशोक सराफांचा ‘एक डाव भुताचा’ (1982) लावा. अख्खं घर बसून बघेल, सासूबाईंसकट.

वाचताना दोन पथ्यं. पुस्तक आदल्या दिवशी एकदा मोठ्याने वाचून बघा. तिसऱ्या पानापर्यंत काही घडलं नाही तर ती गोष्ट डोळ्यांची, कानांची नव्हे. आणि वीज गेली म्हणून मुद्दाम तेव्हाच सुरू करू नका. कौलांवर पाऊस वाजत असेल तर अर्धे शब्द ऐकूच जात नाहीत, मग पोरं ‘काय? काय?’ करत राहतात. भुताचा त्यात पार कचरा होतो.

प्रश्न : मी मालवणात बंदरावर रात्रपाळी करतो. सिनेमातल्या भुतांची भीती वाटेनाशी झालीय. काय वाचू?
— एक वाचक, मालवण

उत्तर : चिं. त्र्यं. खानोलकरांचं ‘कोंडुरा’. खानोलकर वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईतले, म्हणजे तुमच्याच किनाऱ्याचे. या कादंबरीला हॉररच्या कप्प्यात कोणी ठेवत नाही. पण ‘मला दैवी वर मिळालाय’ असं एकदा मनात बसलं की माणूस कुठवर जातो, हे वाचताना पोटात खड्डा पडतो. त्यावर श्याम बेनेगलांनी 1978 मध्ये सिनेमाही केला. तो नंतर बघा, आधी नको.

इंग्रजी चालत असेल तर आणखी एक. कोकणच्या लोकसमजुतींच्या टिपणांचा ग्रंथ 1915 मध्ये मुंबईत छापला गेला, ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवलेली सामग्री आर. ई. एंथोवेन यांनी संपादित केली. त्यातली बरीचशी माहिती गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठवलेली, आणि पानाखाली ‘स्कूल मास्टर, अमुक गाव’ अशी नोंद. समंध, झोटिंग, खवीस, पाण्यातला गिऱ्हा, सगळी मंडळी हजर. मास्तर कुठेही घाबरवायला जात नाहीत. कोण कशाने भूत होतं, कुठे राहतं, त्याला काय दिलं की शांत होतं, हे हजेरीपट लिहावा तसं लिहितात. तुम्हाला नेमकं तेच लागू पडेल. इंटरनेट आर्काइव्हवर ते फुकट वाचता येतं. छापील प्रतीसाठी पैसे घालवू नका.