बिनतारी आर्केड पॅनेल घरी करताना

प्रश्न : टीव्हीला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक जोडून मी जुने आर्केड खेळ खेळतो. जॉयस्टिक आणि आठ बटणे असलेले बिनतारी पॅनेल घरीच करता येईल का? खेळात विलंब जाणवेल का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : जरूर करता येईल. ब्लूटूथ असलेला ईएसपी३२ हा प्रोग्राम घालता येणारा छोटा सर्किट बोर्ड त्यासाठी पुरेसा आहे. त्यात गेमपॅडचा प्रोग्राम घातला की रास्पबेरी पाय त्याला साध्या गेमपॅडप्रमाणेच ओळखतो. जॉयस्टिक आणि बटणांखालच्या प्रत्येक मायक्रोस्विचचे (छोट्या स्विचचे) एक टोक बोर्डाच्या स्वतंत्र पिनला आणि दुसरे सामाईक ग्राउंडला जोडावे, मात्र मूळ ईएसपी३२ च्या ३४ ते ३९ या पिनांना अंतर्गत पुल-अप (बटण न दाबता पिनचा व्होल्टेज स्थिर धरणारा रोध) नसल्यामुळे बटणांसाठी त्या पिना वापरू नयेत, अन्यथा हात न लावताच बटण दाबले गेल्याचे भास होत राहतात.

या बोर्डाच्या कमी ऊर्जेच्या ब्लूटूथमध्ये (बीएलई) दोन संदेशांतील किमान अंतर ७.५ मिलिसेकंद असते आणि सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, त्यामुळे बहुतेक खेळांत अडचण येऊ नये. मारामारीच्या खेळांसाठी मात्र मी तारेलाच पसंती देईन. टीव्हीचा गेम मोड, म्हणजे चित्रावरची प्रक्रिया कमी करणारी सोय, तीही सुरू करावी; पुष्कळदा खरा विलंब तिथेच असतो.

पॅनेलला वीज देण्यासाठी १८६५० आकाराचा लिथियम सेल वापरल्यास तो पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो, म्हणून तो बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनला थेट जोडू नये. पेटी मरीन प्लायची करावी, धातूच्या पत्र्याने सिग्नल अडतो. आपल्याकडच्या पावसाळी, खाऱ्या हवेत स्विचची टोके लवकर गंजतात, तेव्हा तळाची फळी स्क्रूने उघडता येईल अशीच ठेवावी.