वाचक विचारतात

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त मॉरिशसला आहे. १ फेब्रुवारीला तिथे गुलामगिरी संपल्याची सुट्टी असते म्हणतो. आपली मराठी माणसंही तिथे गुलाम म्हणूनच गेली होती का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही ताई. हा दिवस मुख्यतः मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून पकडून आणलेल्यांच्या वंशजांचा, म्हणजे तिथल्या क्रिओल समाजाचा आहे. १ फेब्रुवारी १८३५ ला कायद्याने गुलामी संपली. पण भरपाई मिळाली ती मालकांना! सुटलेल्यांना एक छदामही नाही. उलट 'उमेदवारी'च्या, म्हणजे काम शिकण्याच्या, नावाखाली १८३९ पर्यंत त्याच मालकांकडे राबावं लागलं. याची मला आजही चीड येते. उसाच्या मळ्यांवर मग करारबद्ध मजूर आणले, त्यांत आपली कोकणातली माणसं होती. त्यांचा स्मरणदिन २ नोव्हेंबर.

मुलाला १ फेब्रुवारीला ल मोर्नच्या डोंगराशी जायला सांगा. पळालेले गुलाम याच कड्याकपारींत लपत. पायथ्याशी स्मारक आहे, तिथे फुलं वाहतात. सेगा, म्हणजे क्रिओल समाजाचं पारंपरिक नाच-गाणं, ऐकायला मिळालं तर राव्हानवर लक्ष ठेवायला सांगा. शेळीच्या कातड्याचं हे मोठं, चपटं वाद्य वाजवण्याआधी जाळावर शेकतात, अगदी आपल्या हलगीसारखं. कातडं ताणलं की बोटाने टिचकी मारून बघतात, मगच ठेका धरतात.

आणि सोबत एखाद्या क्रिओल सहकाऱ्याला घेऊन जा म्हणावं. घरातल्या आठवणी त्यांच्याच तोंडून ऐकाव्यात.