छातीत दुखत नाही, मग हृदयाची तपासणी कशाला?

ताई, बाबांचं डायलिसिस दोन वर्षं चालू आहे, आई किडनी द्यायला तयार आहेत, आणि आता डॉक्टरांनी थॅलियम स्कॅन (हृदयाला रक्त पुरेसं पोचतं का ते बघणारी तपासणी) सांगितलाय. छातीत कधी कळ आली नाही, मग हे कशाला, असं बाबा विचारतात. मीही अगदी असाच अडून बसलो होतो.

बाबांना शुगर आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगतो. शुगर दुखणं जाणवून देणाऱ्या नसांवर (मज्जातंतूंवर) परिणाम करते, त्यामुळे हृदयाला रक्त कमी पडत असलं तरी दुखेलच असं नाही. किडनीच्या पेशंटचे सर्वात जास्त मृत्यू हृदयविकारानेच होतात. ऑपरेशनचा ताण हृदयाला झेपेल ना, हे आधी बघावंच लागतं. ट्रेडमिलवर चालणं डायलिसिसच्या माणसाला बहुधा जमत नाही, म्हणून थॅलियम किंवा औषध देऊन केलेली स्ट्रेस इको (हृदयावर ताण आणून केलेली सोनोग्राफी).

साध्या टूडी इकोचं (हृदयाच्या नेहमीच्या सोनोग्राफीचं) मात्र एक ध्यानात ठेवा. मी निफाडहून नाशिकला डायलिसिसला यायचो. पहिली इको सोमवारी सकाळी, डायलिसिसच्या आधी झाली. दोन दिवसांचं पाणी अंगात, दोन उशा घेऊनही श्वास पुरत नव्हता. ईएफ, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा, आला ३५. घरात रडारड. मग ड्राय वेटवर (जास्तीचं पाणी काढल्यावरच्या वजनावर) आल्यावर, डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी परत केली, तर ४५! तेव्हा तारीख तशीच घ्या.

पुढे अँजिओग्राफी निघालीच, तर मनगटातून करणार की जांघेतून, हे आधी विचारा. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या) हाताला, जिथे बोट ठेवलं की थरथर लागते, तिथे सुई लावू देऊ नका. दुसऱ्या हाताची धमनीही उद्या नव्या फिस्टुलासाठी लागू शकते. माझी जांघेतून झाली. बाबांना अजून लघवी होत असेल तर अँजिओग्राफीत टोचतात त्या डायबद्दल (रंगद्रव्याबद्दल) नेफ्रोलॉजिस्टशी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांशी, बोला, उरलेली किडनी जपायची असते.

ब्लॉक दिसला म्हणजे लगेच स्टेंट, असंही नाही. २०२० मध्ये आलेल्या इस्केमिया-सीकेडी अभ्यासात, किडनी खूप खराब पण हृदयाचा त्रास स्थिर असलेल्या पेशंटना आधीच अँजिओग्राफी-स्टेंट करून मृत्यू किंवा हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. हृदयाच्या मुख्य डाव्या धमनीत ब्लॉक असेल तर गोष्ट वेगळी. स्टेंट बसला की रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या काही महिने चालतात आणि ट्रान्सप्लांट तेवढं पुढे जातं. म्हणून कार्डिओलॉजिस्ट अँजिओग्राफीच्या टेबलावरच स्टेंटचा निर्णय घेण्याआधी ट्रान्सप्लांट टीमशी फोनवर बोलतील ना, हे सहीच्या आधी स्पष्ट विचारा.

रिपोर्ट आला की ईएफ आणि तपासणीचा वार दोन्ही कळवा.