लागण कामावर झाली, हे कोणी सिद्ध करायचे?

प्रश्न : माझे पती नाशिकमधील एका खाजगी रुग्णालयात ठेकेदारामार्फत वॉर्डबॉय होते, पगार 16,000 रुपये. एप्रिल 2021 मध्ये कोविड वॉर्डात ड्यूटी असताना त्यांना लागण झाली आणि मे महिन्यात, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ते गेले. दीड वर्ष मी चकरा मारते आहे. रुग्णालय म्हणते, आजार म्हणजे अपघात नव्हे आणि लागण तुमच्या चाळीतच झाली नसेल कशावरून? ठेकेदार फोन उचलत नाही. मला काही मिळू शकेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, रुग्णालयाचा दुसरा आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो, पण तुमच्या पतींच्या कामापुरता तो कायद्याने उलटा फिरवलेला आहे. तुमच्या पतींच्या मृत्यूच्या वेळी लागू असलेल्या कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 याच्या तिसऱ्या परिशिष्टातील पहिलीच नोंद संसर्गजन्य रोगांची असून तिच्यात आरोग्यसेवेतील आणि प्रयोगशाळेतील काम स्पष्टपणे घातलेले आहे. अशा कामावर असताना तसा रोग जडला, तर कलम 3 नुसार तो अपघाताने झालेली इजाच समजला जातो आणि विरुद्ध बाजू सिद्ध होईपर्यंत ती नोकरीमुळेच झाली असे गृहीत धरले जाते. म्हणजे चाळीतली लागण रुग्णालयाने सिद्ध करायची आहे. एखाद्या दुकानातल्या हिशेबनिसाच्या पत्नीला मी इतक्या ठामपणे हे लिहू शकलो नसतो.

मात्र आधी पगाराची पावती काढून पाहा. तिच्यावर ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) 0.75 टक्के कपात दिसत असेल, तर 1923 च्या कायद्याचा दावा बंद होतो आणि कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे जावे लागते. तेथे व्यावसायिक आजाराने मृत्यू झाल्यास वेतनाच्या 90 टक्के दराने अवलंबितांना मासिक लाभ मिळतो. शिवाय 24 मार्च 2020 पासून लागू झालेल्या महामंडळाच्या कोविड साहाय्य योजनेत लागण कुठे झाली हा प्रश्नच येत नव्हता. निदानापूर्वी किमान तीन महिने नोंदणी आणि आधीच्या वर्षभरात किमान 70 दिवसांची वर्गणी एवढे पुरत असे.

कपात नसेल, तर हिशेब असा : भरपाईसाठी मासिक वेतन 15,000 रुपयांपर्यंतच धरतात, त्याच्या निम्मे 7,500, आणि कायद्याने वयानुसार ठरवलेला चाळिसाव्या वर्षाचा गुणक 184.17, म्हणजे 13,81,275 रुपये. रक्कम महिन्याभरात न दिल्याबद्दल 12 टक्के व्याज वेगळे. ठेकेदार सापडत नाही याची फार चिंता करू नका, कारण काम रुग्णालयाच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असल्याने कलम 12 नुसार मूळ मालक म्हणून रुग्णालयालाच जबाबदार धरता येते. त्यांनी पुढे ठेकेदाराकडून वसूल करावे. दावा भरपाई आयुक्तांकडे मृत्यूपासून दोन वर्षांत, म्हणजे मे 2023 पूर्वी दाखल करा. कोविडकाळात मुदतींना सर्वोच्च न्यायालयाने सूट दिली होती, तरी तिच्या भरवशावर थांबू नका.

कागदांत चाचणीचा अहवाल, रुग्णालयाचे केसपेपर आणि मृत्यूचे कारण नमूद करणारे वैद्यकीय प्रमाणपत्र लागेल. तिथे नुसतेच 'न्यूमोनिया' लिहिले असेल, तर अहवाल सोबत जोडणे अधिकच गरजेचे. हजेरीपत्रक रुग्णालयाच्या ताब्यात असते, पण कोविड वॉर्डाची ड्यूटी अनेक ठिकाणी व्हॉट्सअॅपवर कळवली जात असे. पतींचा मोबाईल अजून घरात असेल, तर तो विकू नका, त्यातले काही पुसू नका आणि एप्रिल 2021 चे ते संदेश वकिलांना फोनसह दाखवा.