ज्याने विकली नाही, त्याच्याकडे परत?

प्रश्न : नुकतंच माझं लग्न झालं. आहेरात एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन मिक्सर आले. एकाचं खोकं अजून उघडलेलंही नाही. म्हापशाच्या बाजारातल्या एका मोठ्या दुकानात तोच मिक्सर मिळतो. सासूबाई म्हणतात, 'बिल हरवलं म्हणून सांग, पैसे देतील.' वस्तू नवीकोरी आहे. मग दुकानदाराचं काय जातं?
— एक नववधू, डिचोली

काय जातं ते त्याच्या बाजूने मोजून पाहा. समजा, खोक्यावर 4,000 रुपये छापलेत आणि वितरकाकडून तो मिक्सर त्याला 3,400 ला पडतो. तुम्हाला 4,000 रोख दिले म्हणजे 3,400 ला मिळणारी वस्तू त्याने 600 रुपये जास्त मोजून घेतली. पुढे ती 4,000 ला विकली तरी हाती काहीच उरत नाही. शिवाय तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून त्याने परतीची नोंद केली, तर जी विक्री झालीच नाही तिची परत त्याच्या जीएसटीच्या हिशेबात शिरते. उद्या तो मिक्सर बिघडलेला निघाला, तर वितरक सिरियल नंबर पाहून म्हणेल, 'हा माल आम्ही तुम्हाला दिलेलाच नाही.'

सासूबाईंचा हेतू वाईट नाही. घरात वस्तू पडून राहू नये, एवढंच त्यांना वाटतंय. ते खोटं न बोलताही साधता येईल. सकाळी गिऱ्हाईक कमी असताना दुकानात जा आणि सरळ सांगा : 'आहेरात दोन आलेत, हा तुमच्याकडचा नाही. याच्या बदल्यात दुसरं काही देता का?' रोख पैशांपेक्षा बदलीला दुकानदार लवकर तयार होतो, कारण त्यात त्याचा माल त्याच्या खरेदीच्या भावाने जातो. तुमच्या मिक्सरची किंमत तो 3,400 च धरेल, कदाचित त्याहूनही कमी. तो भाव मान्य करायचा की नाही, हे तुमच्या हातात आहे. नाही म्हणाला तर राग धरू नका, त्याच्यावर तुमचं काहीच देणं नाही. आणि आहेर जवळच्या कुणाचा असेल, मामाचा किंवा आत्याचा, तर त्यांनाच विचारा की कुठून घेतला. आपल्याकडे हे विचारायला लोक फार संकोचतात. मला विचाराल तर, परक्या दुकानात खोटं बोलण्यापेक्षा घरच्या माणसाला खरं विचारणं कितीतरी सोपं आहे.

प्रश्न : ऑनलाइन घेतलेला शर्ट पणजीत त्याच ब्रँडच्या दुकानात परत केला तर चालेल का?
— विद्यार्थी, ताळगाव

कंपनीने तशी सोय जाहीर केली असेल तर बिनदिक्कत करा. पण पाटीवरचं नाव एक असलं तरी दुकान फ्रँचायझीचं, म्हणजे वेगळ्याच मालकाचं असू शकतं. आधी फोन करून विचारा.

प्रश्न : सावंतवाडीहून पंखा आणला, तो दहा दिवसांत बंद पडला. दुकानदाराने हात वर केले. मी म्हापशाला तोच पंखा नवा घेतला आणि दुसऱ्या दिवशी जुना पंखा नव्या खोक्यात घालून, नवं बिल दाखवून परत केला. कंपनी एकच आहे, दोष तिचाच. मी माझे पैसे वसूल केले, यात चूक काय?
— एक वाचक, पेडणे

तुमच्यावर अन्याय झाला, यात शंका नाही. पण तुम्ही तो वसूल केला म्हापशाच्या दुकानदाराकडून, ज्याने तुम्हाला चांगला पंखा दिला होता. कंपनीचा एक पैसाही गेला नाही. सावंतवाडीचा दुकानदार तर निवांत आहे. भरडला गेला तो ज्याचा काही संबंधच नव्हता असा माणूस, आणि कदाचित तपासल्याशिवाय खोकं घेतलं म्हणून बोलणी खाणारा त्याच्या काउंटरवरचा मुलगा. नव्या बिलावर जुनी वस्तू देऊन पैसे घेणं ही कायद्याच्या नजरेतही फसवणूकच आहे, हेही स्पष्ट सांगतो.

मला जास्त वाईट याचं वाटतं की तुमच्या हाती चांगला मार्ग होता. ग्राहक संरक्षण कायदा 2019 जुलै 2020 पासून लागू आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं, ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. दहाव्या दिवशी तुमची बाजू भक्कम होती. शिवाय तक्रारीसाठी आता सावंतवाडीचे किंवा तिथलं जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या ओरोसचे खेटे घालावे लागत नाहीत. ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे तुम्ही उत्तर गोव्यात करू शकला असता. वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तर पुष्कळदा तेवढ्यावरच काम होतं.

आता म्हापशाला जा, घडलं ते सांगा आणि घेतलेले पैसे परत करा. मान खाली जाईल, जाऊ द्या. तो बंद पंखा त्याच्याकडे असेल तर परत मागून घ्या. सावंतवाडीच्या बिलासोबत तोच तुमचा पुरावा आहे.

प्रश्न : बाबा मधुमेहाचे होते, गेल्या महिन्यात वारले. बांबोळीहून आणलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये शिल्लक आहे, सील न फोडलेलं. गावातला औषधवाला ओळखीचा आहे, तो ठेवून घेईल असं चुलतभाऊ म्हणतो. महाग औषध आहे, वाया घालवायला जीव होत नाही.
— काणकोण

तुमचं दुःख समजतं, पण हे देऊ नका. तो आपणहून घ्यायला तयार झाला तरीही नको. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. बांबोळी ते काणकोण प्रवासात ते किती तापलं, वीज गेली तेव्हा फ्रिजमध्ये काय झालं, बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठलं का, हे बाटलीकडे पाहून कळत नाही. असं इन्सुलिन ज्याच्या शरीरात जाईल, त्याची साखर का उतरत नाही हे त्याच्या डॉक्टरांनाही समजणार नाही. औषधाच्या बिलावर बॅच नंबर असतो. परत येणारी बॅच दुकानाच्या नोंदीत नसेल, तर ती कंपनीने मागे घेतल्यावर ती कुणाकडे गेली हे शोधता येत नाही. गोळ्यांच्या अखंड पट्ट्यांनाही हेच लागू. बाबांचा ग्लुकोमीटर असेल तर तो मात्र गरजू माणसाला जरूर द्या. तो वाया जाणार नाही.

प्रश्न : माझं भांड्यांचं दुकान आहे. वर्षानुवर्षांचं एक गिऱ्हाईक परवा कुकर परत द्यायला आलं. तो आमच्याकडचा नाही हे मला पाहताक्षणी कळलं. तोंडावर खोटं पाडायचं की नुकसान सोसायचं?
— दुकानदार, फोंडा

दोन्ही नको. चारचौघांत बोलू नका. बाजूला घेऊन एवढंच म्हणा, 'काकी, हा आमच्याकडचा नाही, तुमची सरमिसळ झाली असेल.' माणसाला मागे फिरायला वाट मिळाली की तो बहुतेकदा फिरतो. त्यातूनही घ्यावासा वाटला तर तुमच्या खरेदीच्या भावाने बदली द्या आणि तसं बोलून दाखवा, म्हणजे चुकीची सवय लागणार नाही.

पण एक गोष्ट तुमच्याकडूनही हवी. प्रत्येक विक्रीला बिल द्या, आणि त्यावर मॉडेल व सिरियल नंबर लिहा. बिल न देणं हीसुद्धा ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथा आहे. वाड्यावरच्या पोसरकारापासून, म्हणजे छोट्या किराणा दुकानदारापासून, शहरातल्या शोरूमपर्यंत बिल टाळण्याची सवय आपल्याकडे आहे, आणि मग कोणती वस्तू कुठली हे सिद्ध करायची वेळ आली की दोघेही नुसत्या शब्दावर भांडतात. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी तुमच्या दुकानात असेल तर ती काढा. सदोष मालापुरता तिला कायद्याचा आधार नाही. आणि ती वाचूनच काही गिऱ्हाइकं खरं सांगायच्या फंदात पडत नाहीत.